मीटर बदललाय हे सांगूनच गाडी विका

यामाहा आरएक्स १०० मोटरसायकलला नवा मीटर बसवला, तो शून्यापासून सुरू झाला, आता विकताना रनिंग (गाडी किती किलोमीटर पळाली ते) किती सांगू, असा तुमचा प्रश्न. त्यावर एकाने नव्या मीटरवर जुनाच आकडा फिरवून घ्या म्हटलंय. तसं करता येतं, पण मीटर बदललाय हे गिऱ्हाइकाला तरीही सांगायलाच हवं.

जुना मीटर भंगारात टाकू नका, गाडीबरोबरच द्या. उद्यमनगरात ज्यांनी मीटर बसवून दिला त्यांच्याकडून बिलावर तारीख, गाडीचा नंबर आणि जुन्या मीटरचा आकडा लिहून घ्या. दोन ओळींचं काम आहे, कुणी नाही म्हणणार नाही.

आणि जुना आकडा सांगतानाही 'किमान एवढी' असंच म्हणा. १९९६ला उत्पादन बंद झालेली, म्हणजे जुनी गाडी. मीटरची केबल पुढच्या चाकातून येते, ती तुटली की काटा आणि आकडे दोन्ही थांबतात, गाडी मात्र पळतच राहते. शिवाय पाच आकड्यांचा मीटर ९९,९९९ नंतर परत शून्यावर येतो. जाणकार माणूस मीटरच्या आधी किकचं आणि फूटरेस्टचं रबर बघतो. ते गुळगुळीत झालंय आणि मीटर म्हणतोय आठ हजार, तर तो तिथंच गाडी सोडून देतो.

एक राहिलं. नवा मीटर त्याच मॉडेलचा आहे ना? मीटर फिरवणाऱ्या गिअरचं प्रमाण वेगळं असेल तर वेग आणि किलोमीटर दोन्ही चुकतात. सांगली रोडला जाऊन किलोमीटरच्या दगडांवर एकदा पडताळून बघा.