गडचिरोली : तिथे राहिलेल्यांचे आणि तिथल्याच माणसांचे अनुभव

'त्याची गडचिरोलीला बदली झाली' हे आपल्याकडे घरात कुणी आजारी असल्याच्या आवाजात सांगतात. मीही ऑर्डर हातात पडल्यावर आधी रद्द करून घ्यायला कोण ओळखीचं आहे का, तेच शोधलं होतं. कुणी मिळालं नाही आणि बँकेच्या नोकरीत तीन वर्षं धानोऱ्यात काढली. परत आल्यावर लोकांनी दोनच प्रश्न विचारले : नक्षलवादी पाहिले का, आणि वाघ पाहिला का. दोन्हींचं उत्तर नाही. मग पाहिलं काय, हे मात्र कुणी विचारलं नाही.

म्हणून हा धागा. थोडी ओळख करून देतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला जिल्हा, १४,४१२ चौरस किलोमीटर, बारा तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या अकरा लाखांच्याही आत. बहुतेक जमीन जंगलाखाली. उत्तरेच्या कोरचीहून दक्षिणेच्या सिरोंचाला जायचं तर सगळा दिवस मोडतो. जे राहिलात, राबलात, किंवा तिथलेच आहात, त्यांनी लिहा. ऐकीव नको.

आरोग्यसेविका, निवृत्त

भामरागड तालुक्यात नऊ वर्षं उपकेंद्र सांभाळलं. आलापल्लीहून भामरागड साठ-पासष्ट किलोमीटर. उन्हाळ्यात दोन तास. जुलैत किती, ते पर्लकोटा ठरवणार. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती अशा तीन नद्या भेटतात. इंद्रावती फुगली की बाकी दोघींच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही, ते मागे तुंबतं. मग हेमलकसा आणि भामरागडमधला जुना ठेंगणा पूल बुडतो, बाजारात पाणी शिरतं, आणि आम्ही पलीकडचे पलीकडे.

त्यामुळे आमचं पावसाळ्याचं काम मे महिन्यात सुरू व्हायचं. कुणाचे दिवस जुलै-ऑगस्टमध्ये भरतात त्याची यादी करायची आणि त्या बायांना आधीच आरोग्य केंद्राच्या माहेरघरात आणायचं. कागदावर सोपं आहे. बाई म्हणायची, रोवणी कोण करेल? मागची दोन पोरं कोण बघेल? मग नवरा, सासू, गावचा पुजारी, सगळ्यांच्या विनवण्या. एकदा एकीला आणायला उशीर झाला. खाटेला बांबू बांधून चौघांनी उचललं, पण नाल्याला छातीभर पाणी. बाळ अलीकडच्या काठावरच झालं, माझ्या छत्रीखाली. दोघं वाचली. दर वेळी असं झालं नाही, ते इथे लिहीत नाही.

कुर्माघराबद्दलही सांगते. पाळीच्या दिवसांत बाईने गावाच्या कडेच्या झोपडीत राहायचं. गळकं छप्पर, रात्री साप-विंचू. सुरुवातीला मी याच्यावरून गावोगाव भांडत असे. एकदा एक बाई हळूच म्हणाली, ताई, तेवढेच चार दिवस मला कुणी काम सांगत नाही. त्यानंतर भांडण सोडलं नाही, पण बदललं : निदान छप्पर शाकारा, दार लावा, दिवा द्या.

प्राथमिक शिक्षक, एटापल्ली तालुका

मी सांगलीकडचा. पहिला महिनाभर मी बोलत होतो आणि पोरं माझ्याकडे बघत होती. त्यांच्या घरी माडिया बोलतात. पहिलीत येणाऱ्या पोराला मराठी ही तुमच्या-माझ्या पोरांना तमिळ जितकी परकी. एक मुलगा वर्गात सारखा 'येर, येर' म्हणत होता. मला वाटलं, खिडकीबाहेरच्या कुणाला तरी 'ये रे' म्हणतोय. दोनदा गप्प बसवलं. तिसऱ्या वेळी चौथीतली मुलगी म्हणाली, सर, पाणी मागतो तो. येर म्हणजे पाणी.

त्याच संध्याकाळी वही घातली. उंदी, रंड, मूंड हे आकडे पोरांनीच मला शिकवले आणि माझे उच्चार ऐकून जी हसली, तिथून वर्ग सुरू झाला असं मी धरतो. इथल्या शाळांचे निकाल बघून 'ही मुलं मागे पडतात' म्हणणाऱ्यांनी आधी एक महिना अनोळखी भाषेत बसून दाखवावं.

बाकी मार्च-एप्रिलला हजेरी गळते ती मोहाच्या झाडांमुळे. फुलं पहाटे पडतात, ऊन चढायच्या आत वेचायची असतात, आणि त्याला छोटे हातच बरे. मी पुढे पुढे शाळा थोडी उशिरा भरवायला लागलो. वरिष्ठांना सांगितलं नव्हतं, आज सांगतोय.

निवडणूक ड्युटी, एकदाच

बेस कॅम्पपर्यंत हेलिकॉप्टर, पुढे जवानांच्या रांगेत चालत. 'मधे बोलू नका, पायवाट सोडू नका.' मतदान सकाळी सात ते दुपारी तीन, अंधाराआधी परतता यावं म्हणून. मला वाटलं होतं चिटपाखरू येणार नाही. सात वाजता रांग होती. काही जण आदल्या दिवशीच चालायला लागलेले. एका म्हाताऱ्याने बोटाची शाई निरखून पाहिली आणि विचारलं ते दुभाष्याने सांगितलं : पूल कधी होईल? मी म्हटलं, मी शिक्षक आहे. तो म्हणाला, मग ते कुणाला विचारायचं?

धानोरा तालुक्यातला, शेती

धागा काढणारे साहेब आमच्याकडेच होते म्हणून लिहितो जी. आमच्या आज्याच्या वेळी जंगलातला बांबू कागद कारखान्याला जात होता आणि आम्ही दोन बांबू आणले तर चोर. आता उलटं आहे. मेंढा (लेखा) गाव आमच्याच तालुक्यात. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. २००६ चा वनहक्क कायदा झाला, २००९ मध्ये गावाला सामूहिक हक्क मिळाले, तरी बांबू विकायला वाहतूक परवाना वनखातंच देणार म्हणे. म्हणजे झाड तुमचं आणि फांदी आमची! शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्रातले मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं.

लोक मेंढ्याला बघायला येतात, फोटो काढतात. पण ग्रामसभा किती कंटाळवाणी असते ते फोटोत येत नाही. तिथे बहुमत नाही, एकमत लागते. एकजण अडला की पुढच्या वेळी परत तेच. आमच्या गावाने तसंच करून पाहिलं. तेंदूपत्त्याच्या (विडीच्या पानांच्या) लिलावावरून तीन बैठका झाल्या, चौथीला दोघं उठून गेले. आता परत बसून राहिलो आहो.

तेंदूचं माहीत नसेल तर : सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांचं एक गोणं. मे महिन्याच्या उन्हात पहाटे निघून पानं तोडायची, दुपारी घरभर बसून पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, मोजून द्यायचे. धान पोट भरतो, बाकी कपडा-लग्न-दवाखाना तेंदूवर.

माहेर सिरोंचा

वरचे सगळे 'दुर्गम' म्हणून लिहितात, त्यावर माझा थोडा राग आहे. दुर्गम कुठून? मुंबईहून. आम्ही घरी तेलुगू बोलतो, शाळेत मराठी शिकलो, लग्नाची साडी गोदावरीपलीकडून आणतो. प्राणहिता इथेच गोदावरीला मिळते, समोरच्या काठावर कालेश्वर. आजी नावेतून देवाला जायची.

आणि इतिहास बघा. १८६० मध्ये निजामाकडून हा भाग इंग्रजांकडे गेला तेव्हा अप्पर गोदावरी नावाचा जिल्हा होता आणि त्याचं मुख्यालय आमचं सिरोंचा! गोदावरीतून थेट समुद्रापर्यंत बोटी चालवायचा घाट त्यांनी घातला होता. नदीतले खडकांचे टप्पे आडवे आले, खर्च बुडाला आणि १८७० च्या सुमारास काम सोडून दिलं. म्हणजे जो गाव वाहतुकीच्या मधोमध असणार होता, तो नकाशाच्या टोकाला गेला. नदी तीच, गाव तेच. गेल्या दहा-पंधरा वर्षांत प्राणहिता, गोदावरी, इंद्रावती या तिन्ही नद्यांवर पूल झाले आणि हैदराबाद आणखी जवळ आलं. जिल्ह्याच्या गावी जायचा रस्ता मात्र अजून हाडं मोजून घेतो.

१८५८ चाही उल्लेख हवाच. बाबूराव शेडमाके या तरुण गोंड जमीनदाराने इंग्रजांविरुद्ध माणसं उभी केली. २१ ऑक्टोबर १८५८ ला त्याला चांद्याच्या (म्हणजे चंद्रपूरच्या) तुरुंगात फाशी दिलं. माझ्या शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात त्याचं नाव नव्हतं. आम्हाला ते मोलकरीण मावशीने सांगितलं.

झाडीपट्टीतला पेटीवाला

वडसा म्हटलं की बाहेरच्यांना रेल्वे स्टेशन आठवतं (कितीतरी वर्षं जिल्ह्यातलं ते एकुलतं एक). आम्हाला झाडीपट्टीची, म्हणजे या पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्याची, नाटकं आठवतात. धान घरात आला, दिवाळीची मंडई (गावजत्रा) झाली की नाटक कंपन्या निघतात ते थेट होळीपर्यंत. खेळ रात्री दहाला सुरू, पहाटे संपतो. लोक चटई, पोरं, गोधड्या घेऊन येतात. गाणं आवडलं तर 'वन्स मोअर', नाही आवडलं तर तेही ऐकू येतं. पुण्याच्या एका पाहुण्याने विचारलं, इतक्या मागास भागात तिकीट काढून कोण येतं? मी त्याला पडद्याच्या फटीतून मैदान दाखवलं.

अहेरीचा, सध्या पुण्यात

हॉस्टेलवर पहिल्या दिवशी रूममेटने गाव विचारलं. सांगितल्यावर तो हसत म्हणाला, बंदूक आणली का? मीही हसलो. दुसऱ्या वर्षी हसायचं थांबवलं.

आई दर उन्हाळ्यात वाळवलेल्या मोहफुलांची पिशवी पाठवते. एकदा भाजून, गूळ घालून सगळ्यांना दिली. काय आहे ते आधी सांगितलं नव्हतं. रूममेटने तीनदा घेतली, मग नाव ऐकून विचारलं, याने चढते का? सध्या तो पुढच्या पिशवीची वाट बघतोय. यंदा अवकाळीने फुलं कमी आहेत असं आई म्हणाली.