वाचनालयात कोहा (ग्रंथालयाचे कामकाज सांभाळणारी संगणकप्रणाली) वापरायला सुरुवात कशी करावी?

प्रश्न: आमच्या तालुक्याच्या ‘ब’ वर्ग वाचनालयात सुमारे 14,000 पुस्तके आहेत आणि देवघेव आजही रजिस्टरवरच चालते. संगणकावर कोहा बसवून झाले आहे, परंतु आम्ही तिघे कर्मचारी नवखे आहोत. आधी पुस्तकांच्या नोंदी कराव्यात की सभासदांच्या?

उत्तर 1: दोन्हींच्या आधी नियम ठरवा. शाखा, सभासदांचे प्रकार, पुस्तकांचे प्रकार आणि त्यानुसार किती पुस्तके किती दिवसांसाठी द्यायची, हे देवघेवीच्या नियमांत भरले नसेल, तर पहिलेच पुस्तक देताना संगणक नकार देतो आणि कर्मचाऱ्यांना आपलेच काहीतरी चुकले असे वाटते. त्यानंतर रोज हाताळली जाणारी पाचशे पुस्तके घ्या. दाखल नोंदवहीच्या (वाचनालयात आलेल्या पुस्तकांच्या क्रमवार नोंदींच्या वहीच्या) पहिल्या पानापासून सुरुवात करू नका, कारण तिथली निम्मी पुस्तके कपाटात सापडतीलच असे नाही.

उत्तर 2: वरील सल्ल्याशी सहमत आहे. लेखकाचे नाव लिहिण्याची पद्धत मात्र पहिल्याच दिवशी कागदावर लिहून टेबलाजवळ चिकटवा. आमच्याकडे एकाने आडनाव आधी लिहिले, दुसऱ्याने आद्याक्षरे, आणि एकाच लेखकाची पुस्तके तीन नावांखाली विखुरली. ती एकत्र करायला फार वेळ गेला. देवनागरी शोध नीट चालावा यासाठी झेब्राची (कोहातील शोधयंत्रणेची) अनुक्रमणी आयसीयू पद्धतीवर (देवनागरीसारख्या लिप्या नीट हाताळणाऱ्या) ठेवायला तंत्रज्ञांना आवर्जून सांगा.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. उद्या नियमांपासूनच सुरुवात करतो. जुने दाखल क्रमांकच बारकोड म्हणून वापरले तर चालतील का?

उत्तर 1: चालतील, फक्त एकही क्रमांक दोनदा आलेला नाही याची आधी खात्री करा.