'डिलीट'ला मराठीत काय म्हणावं? पुसणे, खोडणे, हटवणे की आणखी काही?

संगणकावरच्या फाइली कशा सांभाळाव्यात याची मराठी मदतपुस्तिका लिहायची आहे. 'डिलीट'साठी सगळीकडे 'पुसणे' वापरावं असा विचार होता. पण एकाच पानावर ही चार वाक्यं आली:

डिलीट कळ दाबून फाइल पुसा.
शिफ्ट धरून डिलीट दाबलं तर फाइल कायमची पुसली जाते.
फॉरमॅट केल्यावर ड्राइव्ह पुसली जाते.
संगणक विकण्याआधी डिस्क पुसून घ्या.

क्रियापद एकच, पण घडतं चार प्रकारचं. तिसऱ्या आणि चौथ्या वाक्यातला फरक वाचणाऱ्याला कळला नाही, तर त्याची खाजगी कागदपत्रं परक्याच्या हाती जातील. हटवणे, काढणे, खोडणे, मिटवणे, वगळणे यांतलं कुठे काय बसेल? (पुढे वेगवेगळ्या जणांची उत्तरं आहेत.)

टोपलीत टाकणे

पहिल्या वाक्यात पुसण्यासारखं काहीच घडत नाही. विंडोजमध्ये डिलीट दाबल्यावर फाइल 'रिसायकल बिन' या टोपलीत, म्हणजे त्याच ड्राइव्हवरच्या एका लपवलेल्या फोल्डरात जाते. तिथे एकीच्या दोन होतात. एकीच्या नावाची सुरुवात डॉलरचं चिन्ह आणि 'आर' अशी असते, तिच्यात मूळ मजकूर असतो. दुसरीची सुरुवात डॉलर आणि 'आय' अशी, तिच्यात फाइलीचा मूळ पत्ता, आकार आणि टाकल्याची वेळ. 'रिस्टोअर' म्हटलं की दुसरीतला पत्ता वाचून पहिली जागेवर नेऊन ठेवली जाते.

तोवर डिस्कवरची जागा मोकळी होत नाही. 'डिस्क भरली, फाइली पुसा' असं लिहिलंत तर वाचणारा फाइली टाकत राहील आणि जागा तेवढीच दिसेल. म्हणून सरळ 'टोपलीत टाका' लिहा आणि जागा हवी असेल तिथे 'टोपली रिकामी करा'. पेनड्राइव्हवरून किंवा नेटवर्कवरच्या फोल्डरातून काढलेली फाइल सहसा टोपलीत जातच नाही, ही सूचना तिथेच हवी.

खोडणे

दुसऱ्या वाक्यासाठी 'खोडणे' घ्या. वहीतली ओळ खोडली की तिच्यावर रेघ येते, खालची अक्षरं वाचता येतात. 'फॅट' या जुन्या पद्धतीने फाइलींच्या नोंदी ठेवणाऱ्या पेनड्राइव्हवर हेच होतं. फाइलीच्या नोंदीतल्या पहिल्या बाइटच्या जागी २२९ हा आकडा लिहिला जातो आणि मजकुराचे तुकडे कुठे कुठे आहेत याची साखळी मोकळी केली जाते. मजकुराला कुणी हात लावत नाही. परत मिळवलेल्या फाइलींच्या लघुनावांचं (डॉसच्या काळातल्या आठ अक्षरी नावांचं) पहिलं अक्षर गायब असतं ते म्हणूनच. १९९१ च्या एमएस-डॉस ५ मधली 'अनडिलीट' आज्ञा तर ते पहिलं अक्षर वापरणाऱ्यालाच विचारत असे. लांब नावांच्या नोंदीत पहिला बाइट क्रमांकाचा असतो, त्यामुळे तिथे नाव शाबूत राहतं.

विंडोजच्या डिस्कवर सहसा असणाऱ्या 'एनटीएफएस' पद्धतीतही तत्त्व हेच. मुख्य तक्त्यातली त्या फाइलीची नोंद 'वापरात नाही' अशी होते आणि तिच्या जागा मोकळ्या धरल्या जातात. दुसरी फाइल तिथे येऊन बसेपर्यंत जुना मजकूर तसाच.

मग खोडरबराचं काय?

'खोडणे' म्हणजे फक्त रेघ मारणे, हे पूर्ण पटत नाही. खोडरबराने खोडलेलं अक्षर उरत नाही आणि पेन्सिलीने लिहिणाऱ्या मुलाच्या तोंडी 'खोडणे' म्हणजे घासून नाहीसं करणे असतं. शब्द चांगला आहे, पण पहिल्यांदा येईल तिथे 'नोंद खोडली जाते' असं लिहा. 'नोंद' हा शब्द आला की रबर आठवणार नाही, खातेवही आठवेल.

'मिटवणे' मात्र नको. मराठीत भांडण मिटवतात; अक्षर मिटवणं हे हिंदीच्या वळणाचं आहे. 'हटवा' अनेक मराठी पडद्यांवर रुळलंय, तेव्हा बटणाचं नाव सांगताना तेच ठेवावं लागेल. बाजूला सारणं हा त्याचा मूळ भाव टोपलीच्या क्रियेला शोभतोही. विकिपीडियावर 'वगळा' आहे आणि तिथे तो अगदी नेमका आहे, कारण वगळलेलं पान विदागारात (डेटाबेसमध्ये) राहतं आणि प्रचालक, म्हणजे विशेष अधिकार असलेले सदस्य, ते परत आणू शकतात.

'पुसणे'ची आणखी एक अडचण. 'विचारणे' या अर्थाचं 'पुसणे' वेगळ्या धातूपासून आलंय, पण रूप एकच. 'संगणक फाइल पुसतो' इथे गोंधळ होत नाही. 'पुसल्याशिवाय पुसू नका' असं काही लिहायची वेळ येऊ देऊ नका.

लिनक्सवर: पटावरून नाव कमी करणे

इथे मराठीतला तयार वाक्प्रचार चपखल बसतो. लिनक्समध्ये फाइल काढण्यासाठी प्रोग्रॅम प्रणालीला जी मूळ हाक (सिस्टिम कॉल) देतो, तिचं नावच 'अनलिंक' आहे. फोल्डर म्हणजे हजेरीपट: नाव आणि त्यासमोर क्रमांक. मजकूर त्या क्रमांकाशी बांधलेला असतो, नावाशी नाही. एकाच क्रमांकाला दोन नावं असतील (हार्ड लिंक) तर एक नाव कमी केल्यावर फाइल दुसऱ्या नावाने जशीच्या तशी राहते. 'एलएस' आज्ञेच्या लांब यादीच्या दुसऱ्या रकान्यात दिसतो तो या नावांचाच आकडा.

दोन कोडी यातून सुटतात. फाइलीवर लिहायची परवानगी नसली तरी ती काढता येते, कारण बदल पटात होतो, फाइलीत नाही. परवानगी फोल्डरवर लागते. दुसरं, मोठी नोंदफाइल (लॉग) काढली तरी डिस्कवरची एकूण जागा सांगणारी 'डीएफ' आज्ञा जागा भरलेलीच दाखवते आणि फाइलींचे आकार मोजणाऱ्या 'डीयू'ला ती फाइल सापडत नाही. नाव गेलंय, पण एखाद्या चालू प्रोग्रॅमने फाइल उघडी धरलीय. तो प्रोग्रॅम बंद केला की जागा सुटते. 'फाइल पुसली' म्हटलं तर हे कुणालाच समजावता येणार नाही.

फक्त 'नाव काढणे' लिहू नका, त्याचा अर्थ कीर्ती मिळवणे होतो.

'पुसणे' राखून ठेवा

'पुसणे' चौथ्या वाक्यासाठी राखून ठेवावं: मजकुरावर दुसरं काही लिहून तो नाहीसा करणे.

तिसऱ्या वाक्यातल्या फॉरमॅटला 'नव्याने आखणे' म्हणा. क्विक फॉरमॅट फक्त नवे तक्ते आखतं, जुना मजकूर खाली तसाच पडून असतो. चौकटीत 'क्विक'वर आधीच खूण असते, ती काढली तर विंडोज व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्या सगळ्या डिस्कवर शून्यं लिहितात. ते मात्र खरं पुसणं. नुसती मोकळी जागा पुसायची असेल तर विंडोजमध्ये 'सायफर' ही आज्ञा 'डब्ल्यू' पर्यायासह आहे. ती आधी शून्यं, मग सगळे एक आणि शेवटी यादृच्छिक आकडे लिहिते.

एसएसडीवर, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या, चिपांवर साठवणाऱ्या डिस्कवर, चित्र पालटतं. फाइल काढली की विंडोज ७ पासून पुढे 'ट्रिम' आज्ञेने डिस्कला कळवलं जातं की या जागा आता नकोत, आणि डिस्क त्या आपल्या सवडीने साफ करते. म्हणजे नुसतं खोडलेलंही लवकरच पुसलं जातं. उलट, पुन्हा लिहून पुसायला गेलात तर नवं लिखाण भलत्याच पेशींवर पडतं, कारण झीज समान व्हावी म्हणून डिस्क जागा बदलत राहते. तिथे डिस्कमध्येच असलेली 'सिक्युअर इरेज' सोय वापरावी.

मूळ प्रश्नाला जोडून: 'कट' आणि 'रिकव्हर'

सगळ्यांचे आभार, चारही वाक्यं बदलतोय. 'कट'ला 'कापा' लिहिलं होतं, तेही खोटं ठरतंय का? कट केल्यावर फाइल फिकट होते, पण पेस्ट करेपर्यंत जागची हलत नाही. आणि 'रिकव्हर'ला काय म्हणावं?

उचला, ठेवा, सोडवा

'कट'ला 'हलवण्यासाठी निवडा' लिहा. लांब आहे, पण खरं आहे. त्याच ड्राइव्हवर हलवताना फक्त नोंद बदलते, म्हणून मोठी फाइलही क्षणात जाते. दुसऱ्या ड्राइव्हवर आधी नक्कल होते आणि मग मूळ नोंद खोडली जाते.

टोपलीतून आणणं म्हणजे 'परत ठेवणे'. खोडलेली फाइल साधनाने मिळवणं म्हणजे 'सोडवणे', कारण यश येईलच असं नाही. त्या परिच्छेदाचं पहिलंच वाक्य असं ठेवा: 'त्या ड्राइव्हवर काहीही लिहू नका; सोडवायचं साधन दुसऱ्या डिस्कवर बसवा आणि सोडवलेल्या फाइलीही दुसरीकडेच साठवा.'