शब्दचर्चा : 'उपजत मृत्यू' म्हणजे नेमकं काय?

वहीवाली :
प्रसूतिकक्षात ३१ वर्षं नोकरी केली, आता निवृत्त आहे. जाणकारांना एका शब्दाबद्दल विचारायचं आहे. आपल्याकडे नोंदणी तीन प्रकारची : जन्म, मृत्यू आणि उपजत मृत्यू. हा तिसरा शब्द मी कितीतरी वेळा लिहिला, पण तो वाचून घोटाळ्यात न पडलेली आई मला आठवत नाही. "सिस्टर, उपजत म्हणजे झाल्या झाल्या गेलं का? म्हणजे आधी जिवंत होतं?" हा प्रश्न ठरलेला. उपजत गोड गळा, उपजत हुशारी हे सगळ्यांना कळतं. मृत्यूला 'उपजत' लावलं की काय होतं?

नुसता भाषेचा प्रश्न असता तर मी लिहायला बसले नसते. नोकरीला दोनच वर्षं झाली होती. एका रात्री तिसाव्या आठवड्यातलं बाळ झालं. त्याने एक आचका दिला, नाळेचे ठोके माझ्या बोटांना लागत होते. बॅग-मास्कने श्वास देत राहिलो, पण काही मिनिटांत ते गेलं. बाहेर आजोबा म्हणाले, "मेलेलंच झालं असं लिहा बाई. आधी जन्माचा दाखला, मग मृत्यूचा, कशाला पोरीच्या जिवाला घोर?" ड्यूटीवरचे डॉक्टर म्हणाले, "एसबी टाक." एसबी म्हणजे स्टिलबर्थ, उपजत मृत्यू. मी टाकलं. त्या वेळी ती मला माया वाटली होती. आईला कुणी काही विचारलं नाही, मीही नाही.

मुळाक्षर :
'उपजणे' हे संस्कृत 'उत्पद्यते', प्राकृत 'उप्पज्जइ' असं आपल्यापर्यंत आलं. 'उत्पन्न' त्याचंच भावंड, शेतातली 'उपज'ही त्याच घरची. ('उपजीविका' मात्र नव्हे, ती 'जीव्' धातूची.) 'उपजत' हे 'चालत', 'हसत' यांसारखं रूप आहे : उपजताना, आणि त्यावरून जन्मापासूनचा. म्हणजे 'उपजत मृत्यू'चा शब्दशः अर्थ 'जन्मतानाचा मृत्यू'. आमच्या गावाकडे मात्र 'उपजताच मेलं' असं म्हणतात तेव्हा बाळ जिवंत जन्मून लगेच गेलेलं असतं. तेव्हा त्या आया चुकत नाहीत ताई. शब्दच दोन्ही बाजूंना उघडा आहे. 'मृतजन्म' हा शब्द मला जास्त सरळ वाटतो.

वहीवाली :
आभार. आता कायदा काय म्हणतो ते सांगते, कारण तिथे हे दार दोन्हीकडे उघडं नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. बाळ पूर्ण बाहेर आल्यावर त्याने श्वास घेतला किंवा जिवंतपणाची दुसरी कुठलीही खूण दाखवली, तर तो जिवंत जन्म, मग आठवडे कितीही असोत. बाहेर येण्याआधीच जीव गेला असेल आणि २८ आठवडे भरलेले असतील तर उपजत मृत्यू. म्हणजे चोविसाव्या आठवड्यात एक आचका देऊन गेलेल्या बाळाला जन्माचा आणि मृत्यूचा असे दोन्ही दाखले मिळायला हवेत, आणि सत्ताविसाव्या आठवड्यात निपचित आलेल्या बाळाची या नोंदणीत ओळसुद्धा नाही. संस्थेतली नोंद २१ दिवसांत कळवायची जबाबदारी प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्याची. पण श्वास होता की नव्हता हे पाहणारी, घड्याळ बघून रजिस्टरात पहिली वेळ लिहिणारी बहुतेकदा नर्सच असते. तिने खालमानेने दोन अक्षरं लिहिली की पुढचे सगळे कागद त्यावर चालतात.

आणखी दोन शब्द आहेत, ते शब्दकोशात सापडायचे नाहीत : 'फ्रेश' आणि 'मॅसरेटेड'. कातडी शाबूत असलेलं मृत बाळ फ्रेश, कातडी सुटू लागलेलं मॅसरेटेड. फ्रेश म्हणजे जीव साधारण बारा तासांच्या आत, बहुधा कळा चालू असतानाच गेला. मग पुढचा प्रश्न येतोच : अर्ध्या-अर्ध्या तासाने बाळाचे ठोके कोण ऐकत होतं? म्हणून फ्रेशचं मॅसरेटेड करायचा दबाव येतो. पार्टोग्राफ, म्हणजे कळा चालू असताना वेळोवेळी भरायचा तक्ता, मागाहून भरायला सांगतात. एकट्या नर्सकडे कळा देणाऱ्या चार-पाच बाया असतील तर ठोके ऐकायचे राहून जातात, हे खरं आहे. पण खोटं लिहिलं की नर्सा कमी पडत होत्या हेही कागदावरून पुसलं जातं, आणि पुढच्या बाईलाही तेवढ्याच नर्सा मिळतात.

दुसरी बाजू :
मी वकिली करतो. जोडीला 'गर्भपात' आणि 'भ्रूणहत्या' हेही शब्द घ्या. जुन्या वैद्यकात चौथ्या महिन्यापर्यंत 'गर्भस्राव', पाचव्या-सहाव्यात 'गर्भपात' असा भेद होता. आज आपोआप पडलेला आणि करवून घेतलेला, दोन्हींना गर्भपातच म्हणतात. लिंगनिवडीविरुद्धच्या प्रचारात 'स्त्रीभ्रूणहत्या' शब्द इतका रुजला की १९७१ च्या गर्भपात कायद्यात बसणारा गर्भपात करायला आलेली बाईही खुन्यासारखी दबकत येते. तो शब्द मी वापरणं सोडलं. तुमच्या मुद्द्याला धरून एक : गर्भपात करताना मूल जिवंत जन्मलं तर त्याला सर्वोत्तम उपचार देण्याची जबाबदारी डॉक्टरची आणि रुग्णालयाची, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं आहे. अशा वेळी ट्रे हातात घेऊन उभी असते ती नर्स.

वहीवाली :
हो. आणि तिला आधी कुणी विचारलेलंही नसतं, की ताई, तुम्हाला हे जमेल का.

एक आई :
सहा वर्षांपूर्वी माझ्या मुलीची नोंद 'उपजत मृत्यू' अशी झाली. फॉर्मवर तिच्या नावाला जागा नव्हती. मला अजूनही माहीत नाही की ती पोटातच गेली होती की नंतर. 'मृतजन्म' म्हटलं असतं तर निदान हे तरी कळलं असतं. ताई, तुम्ही नंतर कधी वेगळं लिहिलंत का?

वहीवाली :
बाई, तुमच्या केसपेपरवर बाळाचे ठोके शेवटचे कधी लागले ते लिहिलेलं असायला हवं. आपल्या कागदांची प्रत मागायचा तुम्हाला हक्क आहे, जरूर मागा.

हो, लिहिलं. बारा-तेरा वर्षांनी तसंच बाळ, तशीच रात्र, तेच "एसबी टाक". या वेळी मी जन्म २ वाजून १० मिनिटं आणि मृत्यू २ वाजून २१ मिनिटं असं लिहिलं आणि खाली सही केली. सकाळी बोलणी खाल्ली. दोन महिन्यांनी ती आई दाखले घ्यायला आली. वेळा वाचल्या आणि वॉर्डात येऊन मला विचारलं, "अकरा मिनिटं होता?" मी हो म्हटलं. "कुणाजवळ होता?" मी म्हटलं, "माझ्या हातात."

ती बराच वेळ माझे हात धरून बसली होती.