पहिल्याच सेमिस्टरला इंटर्नशिप घ्यावी का? तुमच्यावर गुदरलेलं सांगा

नमस्कार. माझी भाची बारावीनंतर लातूरहून पुण्याला आली आहे, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला. कॉलेज सुरू होऊन जेमतेम दीड महिना झाला आणि तिला इंटर्नशिपची ऑफर आली. सहा महिने, रोज चार तास, महिना चार हजार. ऑफिस हिंजवडीला, तिची रूम शिवाजीनगरला. वर्गातल्या तिघींनी होकार कळवलाय, म्हणून हिचा जीव वर-खाली होतोय. ताई-भावजींनी निर्णय माझ्यावर सोपवलाय. मी डी.एड. करून शाळेत लागले, सरावपाठांपलीकडे मला यातलं काही ठाऊक नाही. ज्यांनी पहिल्या सत्रातच इंटर्नशिप घेतली किंवा नाकारली, त्यांनी काय घडलं ते लिहा.

इंजिनिअरिंग, शेवटचं वर्ष, पुणे

ताई, मी घेतली होती. आमचे कॅपचे, म्हणजे केंद्रीय प्रवेशाचे, राउंड लांबले, कॉलेज सुरू व्हायला सप्टेंबर उजाडला. सेमिस्टर मुळातच आखूड, त्यात मी वेब डेव्हलपमेंटचं काम घेतलं. घरून, रोज तीन तास असं ठरलं होतं. तीनाचे पाच कधी झाले कळलंच नाही. ग्राफिक्सच्या शीटची सबमिशनच्या आदल्या रात्री जीटी मारली: काचेखाली बल्ब, वर मित्राची शीट, त्यावर माझी. ओरलला सरांनी प्रोजेक्शनचा एकच प्रश्न विचारला आणि मी गप्प. एम-वन, म्हणजे गणिताचा पहिला पेपर, राहिला.

पण खरं ते सांगतो, काम अस्सल होतं. एक सिनिअर दादा रात्री दहाला माझा कोड ओळ न् ओळ वाचायचा. ‘हे नाव वाचून सहा महिन्यांनी तुला तरी कळेल का यात काय ठेवलंय?’ असं विचारायचा. व्हेरिएबलला नाव देताना मी आजही क्षणभर थांबतो. एम-वन दुसऱ्या प्रयत्नात निघाला, म्हणून प्लेसमेंटला बसता आलं. बहुतेक कंपन्यांची अटच होती, एकही विषय राहिलेला नको. तेच काम डिसेंबरच्या परीक्षेनंतर धरलं असतं तर दादा तोच मिळाला असता आणि एम-वनही सुटला असता. भाचीचं काम वाचणारं तिथे कोणी आहे का, तेवढं आधी विचारा.

बीबीए, नाशिक

मला ‘निवड झाली’ असा मेल आला आणि ट्रेनिंगचे म्हणून २,५०० रुपये भरायला सांगितले. भरले. काम काय, तर ओळखीच्या ५० मुलांना तोच फॉर्म भरायला लावायचा. महिन्याने पीडीएफ सर्टिफिकेट आलं, त्यावर माझं आडनाव चुकलेलं. ते पैसे आईने भिशीतून काढून दिले होते, ते आजही सलतं. पैसे मागणारी इंटर्नशिप घेऊ नका.

बी.कॉम., सोलापूरहून पुण्यात

नकार देणं सगळ्यांनाच परवडत नाही, म्हणून मुद्दाम लिहितेय. मी पहिल्या वर्षाला असताना बाबांचे यंत्रमाग बंद पडले. मेसचे पैसे घरून येणं अवघड झालं. आमचं कॉलेज सकाळी साडेसात ते साडेअकरा. दुपारी एक ते सहा मी एका टॅक्स कन्सल्टंट मॅडमकडे जायला लागले. रूमपासून चालत दहा मिनिटं, आणि माझं सगळं गणित त्या दहा मिनिटांवर जमलं.

पहिला महिना नुसती बिलं. खरेदीची एका गठ्ठ्यात, विक्रीची दुसऱ्यात, आणि प्रत्येकावरचा १५ अक्षरी जीएसटी नंबर एकेक अक्षर बोट ठेवून तपासायचा. पहिले दोन अंक राज्याचे, २७ म्हणजे महाराष्ट्र, हे मला वर्गाआधी तिथे कळलं. ११ तारखेला जीएसटीआर-वन म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, २० तारखेला थ्री-बी म्हणजे कर भरण्याचं, त्या आठवड्यांत निघायला उशीर व्हायचाच. मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं की परीक्षेआधी १५ दिवस येणार नाही. मॅडमनी डायरीत त्या पानांना स्टेपलर मारून ठेवला. २० तारीख नेमकी माझ्या सुट्टीत आली, तेव्हा त्या स्वतः रात्री उशिरापर्यंत बसल्या, पण मला फोन केला नाही. पहिल्या सेमला ६८ टक्के पडले. बारावीपेक्षा कमी, पण मेसचे पैसे माझे मी भरले.

लॉ, पाच वर्षांचा कोर्स

आमच्याकडे इंटर्नशिप सक्तीचीच. बार काउन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे पाच वर्षांत किमान २० आठवडे, पण एका वर्षात सलग चार आठवड्यांच्या वर नाही. सिनिअर पहिल्याच महिन्यात मुंबईच्या फर्मची नावं घ्यायला लागले आणि मला झोप येईना. शेवटी परीक्षा संपल्यावर सुट्टीत आमच्या तालुक्याच्या कोर्टात एका वकीलकाकांकडे गेले. सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांची यादी, बघायचा, फाइली लावायच्या, रोजनामा, म्हणजे कोर्टात रोज काय झालं त्याची नोंद, वाचायचा. बांधाच्या दाव्यातल्या एक आजी होत्या. पुढची तारीख पडली की पिशवीतून कॅलेंडरचं पान काढायच्या आणि त्या तारखेभोवती माझ्याकडून गोल करून घ्यायच्या. पानावर आधीचेही गोल होते, वेगवेगळ्या पेनांचे. दिवाणी प्रक्रिया संहिता वर्गात शिकायला लागले तेव्हा प्रत्येक कलमाला मला त्या आजी आठवल्या. पहिल्या सत्रात घाई केली नाही याचं मला समाधान आहे.

अमेरिकेतून, एमएसला आलेला

इकडे येणाऱ्यांसाठी. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर कॅम्पसबाहेरच्या इंटर्नशिपसाठी सीपीटी, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची परवानगी, लागतं, आणि काही पदव्युत्तर कोर्सचा अपवाद सोडला तर ते पहिलं पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्याशिवाय मिळत नाही. कॅम्पसवर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. मी लायब्ररीत केलं. माझ्या रूममेटला ‘बिनपगारी आहे, मग हरकत काय’ असं एकाने सांगितलं होतं. तो आधी युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात विचारायला गेला आणि वाचला. फुकट काम केलं तरी व्हिसा धोक्यात येऊ शकतो.

प्राध्यापक, विज्ञान शाखा

हजेरी ७५ टक्के लागते, आणि पहिल्या वर्षाची मुलं तिथेच अडकतात. लेक्चर बुडतं, त्यापेक्षा प्रॅक्टिकल बुडतं ते महाग पडतं. हिंजवडीला जाण्यायेण्यातच दोन-अडीच तास मोडतील, म्हणजे चार तासांचं काम साडेसहाचं झालं. आमच्या नव्या अभ्यासक्रमात सहाव्या सत्राला ४ क्रेडिटचं ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण, आहे, १२० तासांचं. तिची संधी हुकत नाहीये, एवढं तिला माझ्याकडून सांगा.

धागा काढणारी, पुन्हा

काल रात्री भाचीला फोनवर हे सगळं वाचून दाखवलं. तिने आज कंपनीला दोनच गोष्टी विचारल्या: माझं काम रोज कोण बघणार, आणि परीक्षेआधी सुट्टी मिळेल का. उत्तर आलं, ‘काम ग्रुपवर टाकायचं, सुट्टीचं तेव्हा बघू.’ तिने नाही म्हणून कळवलं. संध्याकाळी थोडी रडली, मैत्रिणी जाणार म्हणून. मग स्वतःच म्हणाली, मावशी, सोलापूरच्या ताईंसारखं चालत जाण्याइतकं जवळ काही मिळालं तर परीक्षा झाल्यावर करेन. शिवाजीनगर, डेक्कन भागात कॉम्प्युटरचं काम शिकवणारं कोणी माहीत असेल तर कळवा. पगार कमी असला तरी चालेल, काम तपासून देणारं माणूस हवं.