मदत हवी आहे: घरी बनवलेल्या स्पोर्ट्स कारच्या मागच्या विंगचे सपोर्ट कसे वेल्ड करावेत?

नमस्कार मंडळी,

गाडी बरीचशी उभी राहिलीये, चासी २५ मिमी चौकोनी स्टील पाईपची, २ मिमी जाडीची, वर फायबरची बॉडी. आता मागच्या विंगचे सपोर्ट करायला घेतलेत आणि तिथेच गाडं अडलंय.

विंग १.४ मीटर लांब, २५ सेंमी रुंद. लिफ्ट कोइफिशंट (विंग हवेतून किती दाब काढते तो आकडा) १.२ धरला तर ताशी १६० किमीला साधारण ५० किलो दाब येतो. वेग निम्मा केला की दाब पाव होतो, म्हणजे ८० ला जेमतेम १२-१३ किलो, त्यामुळे हळू चालवून सपोर्ट टिकतायत की नाही ते कळायचंच नाही. दाबाचं मला तेवढं टेन्शन नाही, तो सरळ खाली उतरतो, पण विंग चासीपासून अर्धा मीटर वर आहे, हवा तिला मागे रेटणार, वर थरथर वेगळी, आणि हे सगळं पायथ्याच्या वेल्डवर येणार.

(डिकीच्या झाकणावर बसव असं कृपया सांगू नका, ते फायबरचं आहे.)

सपोर्ट ६ मिमी ६०६१-टी६ (उष्णतेची प्रक्रिया देऊन कडक केलेल्या) अॅल्युमिनियम प्लेटचे, हंसाच्या मानेसारखे वरून वाकून विंगला वरच्या बाजूने धरणारे, कारण खरं काम विंगची खालची बाजू करते, तिथे ब्रॅकेट नको. प्लेटवर वेल्डिंग करणार नाही, टी६ ची ताकद वेल्डजवळ जवळपास निम्म्यावर येते. खाली चासीला ४ मिमी स्टीलचा पाय टिगने (टंगस्टनच्या आर्कचं बारीक वेल्डिंग) वेल्ड करून प्लेट त्याला बोल्टने.

आता प्रश्न असा की ४ मिमीचा पाय २ मिमीच्या पाईपला थेट लावला तर वेल्डच्या कडेला पाईप चिरेल का, आणि थंड होताना वेल्ड आकसून ओढलं तर दोन्ही पाय समांतर कसे ठेवायचे?

प्रतिसाद १
थेट नको. मधे ३ मिमीची पट्टी टाक, पत्त्यातल्या चौकटसारखी टोकदार कापून, म्हणजे वेल्ड पाईपला आडवं छेदत नाही, चीर बहुतेक तिथूनच सुरू होते. आणि पाय पाईपच्या मधोमध नको, जिथे दोन-तीन पाईप भेटतात त्या जोडावर घे. आर्कचा रोख जाड प्लेटकडे ठेव, नाहीतर पाईपला भोक पडेल.

ओढण्याचं म्हणशील तर दोन्ही पायांमधे जाड अँगल बोल्टने आवळ, गुण्या लावून टॅक (तात्पुरते छोटे ठिपके) मार, मग आलटूनपालटून छोटे छोटे टाके, पूर्ण थंड झाल्याशिवाय अँगल सोडू नकोस.

प्रतिसाद २
वरचं सगळं बरोबर, पण दोन पायांमधे बॉडीखाली एक तिरका पाईप हवाच, नाहीतर विंग आडवी डोलेल. १९६९ च्या फॉर्म्युला वनच्या स्पॅनिश ग्रां प्रीत लोटस टीमच्या दोन्ही गाड्यांचे उंच विंग मोडले होते, त्यांच्याकडे तर इंजिनिअरांची फौज होती.

धागाकर्ता
धन्यवाद दोघांनाही, तिरका पाईप माझ्या डोक्यातच नव्हता. बॉडी चढवायच्या आधी विंगवर वाळूची पोती ठेवून १५० किलोपर्यंत दाब देतो आणि ताणकाटा लावून मागेही ओढतो. अॅल्युमिनियम आणि स्टील थेट टेकलं तर गंज धरेल, मधे प्लास्टिकची पातळ पट्टी टाकली तर बोल्ट कालांतराने ढिले होतील की नुसता प्रायमर पुरे?