‘मंदी’ आणि ‘उठाव नाही’ : अर्थ एकच का?

विचारणा, ठाणे : नौपाड्यात आमचं पंखे-फ्रिजचं दुकान आहे. बाबा म्हणतात, “मालाला उठाव नाही.” मुलगी म्हणते, “म्हणजे मंदी.” मला हे एक वाटत नाही. परवा एक काकू आल्या. चौदा वर्षांचा फ्रिज, दाराचं रबर सुटलेलं. नवा नको होता, रबर मिळेल का एवढंच विचारत होत्या. पैसे नव्हते असं नाही, गरजच नव्हती. याला शब्द काय?

उत्तर, वाशी : आमच्या दाणा मार्केटात उठाव म्हणजे गाळ्यावरून माल उचलला जाणं. गाड्या अडकल्या तरी ‘उठाव नाही’च म्हणतात, त्यात कारण येत नाही. ‘मंदी’त येतं: कमाई घटली, हात आखडला. काकूंची तर मागणी भरली, पोट भरतं तशी. जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेलने १८५७ मध्येच दाखवलं होतं की उत्पन्न वाढलं की खर्चातला अन्नाचा वाटा घटतो. आपल्या ग्रामीण घरखर्चात तो २०११-१२ मध्ये सुमारे ५३ टक्के होता, २०२२-२३ मध्ये सुमारे ४६. एका जिन्नसाची मागणी भरते, माणसाची नाही.

आणखी एक उत्तर : ‘मागणी भरली’ म्हटलं की ऑर्डर पोचती झाली असं वाटतं. ‘संपृक्तता’ (सॅच्युरेशन) प्रयोगशाळेतच बरी. ‘मागणी स्थिरावली’ म्हणा. जपानसारखी लोकसंख्याच घटत असेल, तर ‘ओसरली’.

ठाणे : ‘स्थिरावली’ पटलं. घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरांतली जोडपी येतात, “घर लावायचंय” म्हणतात आणि एका फेरीत चार वस्तू नेतात. तिथली मागणी अजून चढती आहे, नौपाड्यातली स्थिरावली. गल्ला मात्र एकच, म्हणून बाबांना सगळीकडे ‘उठाव नाही’च दिसतं. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. मंदीत लोकांच्या हाती पैसा आला की गिऱ्हाईक परततं. स्थिरावलेल्या मागणीला सूट दिली, तर पुढच्या वर्षीची खरेदी यंदा होते, इतकंच. तिथे वाढ नगांत शोधून मिळणार नाही. ७५ वॉटचा पंखा काढून तीसेक वॉटचा बसवणं, दुरुस्ती, देखभाल, यांतच ती आहे. ‘वृद्धी’ म्हणताना आपण हे मोजतो का?

वहीत आता ‘नवं घर’ आणि ‘जुन्याच्या बदली’ असे दोन रकाने केलेत. काकूंचं रबर मागवलंय, आणि ते बसवणाऱ्या कारागिराला दुकानातच टेबल दिलंय.